तलाव तापवण्याआधी त्याची ऊब अडवा: सार्वजनिक जलतरण तलावासाठी सौरउष्णतेचा सविस्तर आराखडा

डिसेंबर उजाडला की पुण्या-नाशिकच्या टँकवर सकाळच्या बॅचेस ओस पडायला लागतात. पाणी वीस-एकवीस अंशांवर उतरलेलं असतं. मोठी माणसं चार लॅप मारून अंग तापवतात, पण सात-आठ वर्षांची पोरं दहा मिनिटांत काकडतात. आई टॉवेल घेऊन काठावर उभीच असते. एकदा सुटलेलं मूल मार्चपर्यंत परत येत नाही, आणि येतं तेव्हा श्वासाची लय विसरलेलं असतं. गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला येणारे आजी-आजोबा तर नोव्हेंबरातच थांबतात. लोकांच्या पैशातून बांधलेला तलाव असा तीन महिने अर्धा रिकामा राहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण आपल्याकडच्या हवामानात हे टाळता येतं, आणि तेही फार मोठा विजेचा खर्च न करता.

मी यंत्र अभियंता आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने मला त्यांच्या तलावावर बोलावलं. गच्चीभर काचनळ्यांचे सोलर बसवले होते, पंप नवा होता, तरी जानेवारीत पाणी बावीसच्या वर जात नव्हतं. कागदावर सगळं बरोबर दिसत होतं. शेवटी रात्री दहा वाजता काठावर जाऊन उभा राहिलो. दिव्यांच्या उजेडात पाण्यावरून वाफेचे लोट चालले होते. दिवसभर गच्चीवर मिळवलेली उष्णता रात्रीत आभाळाला जात होती. त्या तलावाला अंगावर घ्यायला काहीच नव्हतं.

म्हणून पुढचा क्रम कटाक्षाने पाळा: आधी मोजा, मग झाका, मग आसपास वाया जाणारी उष्णता शोधा, आणि सोलरची निविदा त्यानंतर काढा. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो.

पहिली पायरी: आपला तलाव मोजा

उदाहरणासाठी नेहमीचा तलाव घेऊ: 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी खोली दीड मीटर. क्षेत्रफळ 312 चौरस मीटर, पाणी सुमारे 4 लाख 69 हजार लिटर. लिटरच्या आकड्याला 860 ने भागलं की पाणी एक अंशाने तापवायला किती युनिट उष्णता लागते ते कळतं. इथे उत्तर येतं 545 युनिट. विजेच्या मीटरवर मोजतो तेच हे युनिट. आपल्या तलावाचा हा आकडा काढून प्लांट रूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुढे कोणीही काहीही विकायला आलं तरी त्याचं बोलणं या आकड्यावर घासून बघता येतं.

आता चौदा दिवस नोंदी घ्या. रोज रात्री आठ वाजता आणि पहाटे सहा वाजता, एकाच जागी, पृष्ठभागाखाली अर्धा मीटर खोल तापमान घ्या. त्याआधी अर्धा तास पंप चालू असू द्या, नाहीतर वरचं आणि खालचं पाणी वेगवेगळं तापमान दाखवतं. रात्रीची घट आणि दिवसाची वाढ असे दोन रकाने ठेवा. न तापवलेल्या तलावात हे दोन्ही जवळपास सारखे निघतात, कारण तो वीस-एकवीसला तोल साधून बसलेला असतो. त्याला सव्वीसवर न्यायचं म्हटलं की रात्रीची घट वाढते आणि दिवसाची वाढ आक्रसते. या दोन्हींतला फरक म्हणजे आपल्याला रोज भरून काढायची तूट.

समजा सव्वीस अंशांवर रात्री 2.2 अंश जातात आणि दिवसा ऊन 0.4 अंश परत देतं. तूट झाली 1.8 अंशांची, म्हणजे रोज सुमारे 980 युनिट. हे विजेच्या रॉडने भरून काढणारा तलाव एका हिवाळ्यात डबघाईला येईल.

त्याच पंधरवड्यात बादलीची चाचणी करा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बादलीत तलावाचंच पाणी भरा, ती पायरीवर अशी ठेवा की आतली आणि बाहेरची पातळी एक असेल. दोन्हींवर खूण करा आणि भर घालणारा नळ बंद ठेवा. चोवीस तासांनी बादलीत जेवढी घट दिसेल ती वाफ. तलाव त्याहून जास्त उतरला असेल तर गळती आहे. ओव्हरफ्लो पद्धतीच्या, म्हणजे काठावरून सतत पाणी सांडणाऱ्या तलावात पातळी हलत नाही. तिथे ते सांडलेलं पाणी साठवणाऱ्या बॅलन्सिंग टँकमधून किती लिटर कमी झाले ते मोजून तलावाच्या क्षेत्रफळाने भागा.

या चाचणीतून एक गोष्ट लक्षात येते, जी समजली की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. एक लिटर पाणी वाफ होऊन जातं तेव्हा सुमारे 0.68 युनिट उष्णता घेऊन जातं. तेच एक लिटर गळतीतून गेलं आणि त्याजागी सहा अंश गार पाणी आलं, तर नुकसान 0.007 युनिटचं. जवळपास शंभरपट फरक! गळती बुजवायलाच हवी, पण ती पाण्यासाठी आणि क्लोरीनसाठी. ऊब जाते ती वाफेतून. 312 चौरस मीटरवरून एक मिलिमीटर पाणी उडालं तर 212 युनिट गेले, म्हणजे अख्ख्या तलावाचं तापमान 0.4 अंशाने उतरलं. आणि एक मिलिमीटर डोळ्यांना दिसतही नाही.

दुसरी पायरी: झाका

हिवाळ्यातल्या रात्री तलावाचं नुकसान तीन बाजूंनी होतं. पाणी सव्वीस अंशांचं, हवा बारा अंशांची आणि कोरडी, त्यामुळे वाफ जोरात निघते. निरभ्र आभाळाकडे पाण्याची उष्णता थेट किरणोत्सर्गाने जाते. आणि वरून वारा. कव्हर या तिन्हींवर काम करतं, पण मुख्य म्हणजे वाफ जवळपास थांबवतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाने कव्हरमुळे तलाव तापवण्याचा खर्च 50 ते 70 टक्क्यांनी घटतो. शिवाय भर घालायचं पाणी 30 ते 50 टक्के आणि रसायनं 35 ते 60 टक्के कमी लागतात. आपल्या उदाहरणात रात्रीची घट 2.2 वरून एक अंशाच्या आसपास आली, तर रोजची तूट 980 वरून 330 युनिटांवर येते. दोन तृतीयांश काम सोलरचं एकही पॅनेल न लावता झालं.

कव्हर कोणतं? हवेचे बुडबुडे असलेलं, 400 ते 500 मायक्रॉन जाडीचं, अतिनील किरणांना टिकणारं. रंग पारदर्शक किंवा फिकट निळा घ्या, काळा नको. सार्वजनिक तलाव बहुतेक ठिकाणी दुपारी काही तास बंद असतात. त्या वेळात पारदर्शक कव्हर टाकून ठेवलं तर ऊन आत जातं आणि वाफ आत अडते. तुमच्याकडे असलेला सगळ्यात मोठा सौरसंग्राहक म्हणजे तो तलावच आहे. काळ्या कव्हरचा मात्र वरचा थर तापतो आणि वारा ती ऊब उडवून नेतो.

एवढ्या मोठ्या तलावावर एकच अखंड कव्हर टाकू नका. ते दीडशे किलोच्या आसपास भरतं, आणि ओलं झालं की दोन माणसांना आवरत नाही. मग पहिल्या आठवड्यानंतर ते कोपऱ्यात पडून राहतं. लांबीच्या दिशेने चार मीटर रुंदीचे तीन पट्टे करा, प्रत्येकाला चाकांवरचा रोलर द्या. अशी सोय असेल तर दोन माणसं पंधरा मिनिटांत काम उरकतात. रोलरवर पैसे वाचवू नका. माझ्या अनुभवात कव्हर फाटून बंद पडत नाही, ते काढणं-घालणं जिवावर येतं म्हणून बंद पडतं. हे काम कोणत्या पाळीचं, हे ड्युटीच्या तक्त्यात लिहून ठेवा आणि त्या माणसांना त्यासाठी वेळ द्या.

सुरक्षेबाबत इथे तडजोड नाही. कव्हर अर्धवट असताना कोणीही पाण्यात उतरायचं नाही. कव्हरवर चालायला गेलेलं मूल त्याखाली अडकू शकतं आणि वरून दिसतही नाही. सगळे पट्टे गुंडाळले, जीवरक्षकाने तळ पाहिला, मगच फाटक उघडायचं.

वाऱ्यासाठी ज्या बाजूने थंड वारा येतो तिकडे दोन मीटर उंचीची झुडपांची दाट रांग किंवा जाळीची भिंत पुरते. पानगळ होणारी झाडं काठाला नकोत, फिल्टरवाल्याचे हाल होतात.

मुंबई आणि कोकणपट्टीत बहुधा इथेच थांबता येईल. तिथला हिवाळा इतका सौम्य असतो की कव्हरवर काम भागतं.

तिसरी पायरी: वाया जाणारी उष्णता

बॅकवॉशच्या (फिल्टर उलट्या प्रवाहाने धुण्याच्या) पाण्यातून उष्णता परत मिळवण्याची कल्पना ऐकायला चांगली वाटते. हिशेब करा. दहा हजार लिटर पाणी, सहा अंशांचा फरक, 70 युनिट, तेही आठवड्यातून एक-दोनदा. उघड्या तलावाला त्यासाठी वेगळी यंत्रणा परवडत नाही. त्यापेक्षा बॅकवॉश वार ठरवून करण्याऐवजी फिल्टरच्या प्रेशर गेजवर करा, म्हणजे पाणी आणि ऊब दोन्ही वाचतात. शॉवरचंही तसंच: शंभर माणसांची गरम अंघोळ म्हणजे साठ-पासष्ट युनिट. शॉवरसाठी काचनळ्यांचा वेगळा सोलर लावा, ते काम त्याला छान जमतं. फक्त साठवणीच्या टाकीत पाणी 60 अंशांवर ठेवा, कोमट टाकीत जंतू वाढतात.

जिमच्या एसीची उष्णता तलावात सोडण्याची सूचनाही नेहमी येते. पुण्यात जानेवारीच्या सकाळी एसी चालूच नसतो. उष्णता मिळते एप्रिलात, हवी असते डिसेंबरात. त्यामुळे शोध घ्यायचा तो हिवाळ्यातही अहोरात्र चालणाऱ्या यंत्रांचा: सर्व्हर रूम, शीतगृह, बर्फाचा कारखाना, दूध शीतकरण केंद्र. इंग्लंडमध्ये डेव्हनमधल्या एक्समथच्या तलावाला 2023 मध्ये कपडे धुण्याच्या यंत्राएवढं छोटं डेटा सेंटर जोडलं गेलं. संगणकांची उष्णता तेलातून पाण्यात जाते. तिथल्याच रेडिच गावात तर शेजारच्या शवदाहिनीची उष्णता 2013 पासून नगर परिषदेच्या तलावाला मिळते. त्यावर तिथे बरीच चर्चा झाली आणि शेवटी लोकांनी ते स्वीकारलं.

आपल्याकडे मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती साखर कारखान्यांची. गाळप हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे नेमका तलाव गारठण्याचा काळ. कंडेन्सरचं कोमट पाणी स्प्रे पाँडमध्ये कारंज्यांनी उडवून गार केलं जातं, हजारो युनिट उष्णता हवेत जाते. पश्चिम महाराष्ट्रात आणि नगर भागात कारखान्याजवळच शाळा-कॉलेजांची संकुलं आहेत. अशा ठिकाणी तलाव असेल तर प्लेट हीट एक्स्चेंजरमधून ही उष्णता घेण्याचा विचार सोलरच्याही आधी करावा. फक्त ते पाणी तलावात कधीही मिसळू द्यायचं नाही. त्यात साखरेचा अंश येतो. एक्स्चेंजरच्या एका बाजूने कारखान्याचं पाणी, दुसऱ्या बाजूने तलावाचं, आणि तलावाच्या बाजूला क्लोरीन सोसणारा टायटॅनियमचा धातू.

बंदिस्त तलाव असेल तर गणित पूर्ण बदलतं. तिथे वाफ हॉलमध्ये साचते, छताच्या लोखंडाला गंज चढवते, आणि ती बाहेर काढताना गरम हवाही जाते. बाहेर जाणाऱ्या हवेतली ऊब आत येणाऱ्या हवेला देणारा एक्स्चेंजर किंवा ओलावा शोषून ती उष्णता पाण्यात सोडणारं हीट पंपचं यंत्र, यातलं एक लागतंच. हवा पाण्यापेक्षा एक-दोन अंश उबदार आणि आर्द्रता 50 ते 60 टक्के ठेवा. जर्मनीत बामबर्ग आणि ल्युनेन इथले 2011 चे तलाव, आणि इंग्लंडमधल्या एक्सेटरचा 2022 मध्ये उघडलेला तलाव या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहेत. त्यांनी इमारतच इतकी घट्ट बांधली की उष्णता बाहेर पडायला वाटच ठेवली नाही.

चौथी पायरी: सूर्य

आता गच्चीकडे जाऊ. तलावाला सव्वीस-सत्तावीस अंशांचं पाणी हवं आहे, साठचं नाही. त्यामुळे काचनळ्यांचे महाग सोलर इथे गैरलागू आहेत. ते उंच तापमानासाठी बनलेले असतात, जड पाण्याने आतून क्षार धरतात आणि उन्हाळ्यात पाणी न फिरवता उघडे राहिले तर भयंकर तापतात. तलावासाठी योग्य म्हणजे काच नसलेले काळे प्लॅस्टिकचे किंवा रबराचे पॅनेल, बारीक नळ्यांच्या चटईसारखे. त्यांतून तलावाचंच पाणी थेट फिरतं, क्लोरीनचा त्यांना त्रास होत नाही.

क्षेत्र किती? पुण्यात निरभ्र हिवाळी दिवशी दक्षिणेकडे कललेल्या एका चौरस मीटरवर साधारण साडेपाच युनिट ऊन पडतं. वारा आणि गारवा धरून अर्धं पदरात पडेल असं माना. 200 चौरस मीटर पॅनेल रोज सुमारे 550 युनिट देतील, म्हणजे एक अंश. कव्हर घातलेल्या तलावाची तूट 330 होती, तेव्हा ढगाळ दिवसांसाठी हाताशी शिल्लक राहते. कव्हर नसतं तर हीच 200 चौरस मीटर तोकडी पडली असती. ढोबळ नियम असा की तलावाच्या क्षेत्रफळाच्या निम्म्यापासून पूर्णापर्यंत पॅनेल लागतात.

जागा म्हणजे कपडे बदलण्याच्या खोल्यांची गच्ची किंवा प्रेक्षक गॅलरीचं छप्पर. तोंड दक्षिणेला, कल 30 ते 35 अंश. 21 डिसेंबरला पुण्यात भर दुपारीही सूर्य 48 अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे आडव्या ठेवलेल्या पॅनेलला जवळपास पाव ऊन कमी मिळतं. पत्र्यावर आडवेच टाकायचे असतील तर क्षेत्र तेवढं वाढवा. जुन्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी उरका आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भाराबरोबर वाऱ्याच्या उचलीचंही प्रमाणपत्र घ्या. पॅनेल हलके असतात, वळवाच्या वादळात ते उडण्याचीच भीती जास्त.

पाइपाची जोडणी या क्रमाने: पंप, फिल्टर, सोलर, मदतीचा हीटर असल्यास तो, आणि अगदी शेवटी क्लोरीनची मात्रा. क्लोरीन आधी आलं की हीटरचा धातू खातं. 200 चौरस मीटरला ताशी तीस हजार लिटर प्रवाह हवा. त्यासाठी तीन अश्वशक्तीचा वेगळा पंप आणि 90 मिलिमीटरचा पाइप पुरतो. सहा तासांत हा पंप पंधराएक युनिट वीज घेतो आणि त्या बदल्यात साडेपाचशे युनिट ऊब आणतो. सगळ्या पॅनेलना सारखं पाणी मिळावं म्हणून जोडणी अशी करा की ज्या पॅनेलमध्ये पाणी सगळ्यात आधी शिरतं, त्याचं पाणी परतीच्या पाइपात सगळ्यात शेवटी निघतं. सर्वांत उंच जागी हवा काढणारा आणि पंप थांबल्यावर हवा आत घेणारा, असे दोन्ही वॉल्व्ह बसवा.

नियंत्रकाला दोन सेन्सर: एक पॅनेलवर, एक तलावाच्या पाण्यात. पॅनेल पाच अंशांनी गरम झालं की पंप सुरू, फरक दोन अंशांवर आला की बंद. टायमरवर चालवू नका. ढगाळ दिवशी टायमरचा पंप गच्चीवर नेऊन पाणी गारच करतो.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. परतीच्या पाइपातून चटका बसणारं पाणी आलं की मॅनेजर खूश होतात. प्रत्यक्षात ते प्रवाह कमी असल्याचं लक्षण आहे. पॅनेल जितकं तापेल तितकी उष्णता वाऱ्याला देईल. भरपूर पाणी, आणि आत-बाहेर दोन-तीन अंशांचाच फरक, हे बरोबर. भर दुपारी पॅनेलवर हात फिरवून बघा. सगळी गार लागली पाहिजेत. एखादं तापलेलं असेल तर त्यात हवा अडकली आहे.

निविदेत पॅनेलची संख्या लिहून थांबू नका. ताशी प्रवाह, आत-बाहेरचं तापमान आणि एकूण युनिट दाखवणारा उष्णतामापक मागा, आणि बिलाचा काही भाग पहिल्या जानेवारीतल्या नोंदींवर राखून ठेवा.

गच्ची लहान असेल किंवा वर्षभराचं वीजबिल जड जात असेल, तर दुसरा रस्ता मला अलीकडे जास्त पटू लागला आहे: सौर वीजपॅनेल आणि हीट पंप, म्हणजे थोड्या विजेवर बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारं यंत्र. एक किलोवॉटचं पॅनेल आठ-दहा चौरस मीटर घेतं आणि दिवसाला चारेक युनिट वीज देतं. हीट पंप त्यातून सोळा-वीस युनिट उष्णता करतो. काळ्या पॅनेलच्या तुलनेत हे जरा कमी पडतं, पण उरलेले आठ महिने तीच वीज फिल्टरचा पंप आणि दिवे चालवते. हीट पंप दुपारीच चालवा, तेव्हा हवा उबदार असते आणि तो कमी विजेत जास्त काम करतो. आणि त्याला क्लोरीनच्या गोदामापासून लांब ठेवा.

पाचवी पायरी: चालवणं

यंत्रणा जानेवारीत सुरू करू नका. वीसवरून सव्वीसवर जायला 3,270 युनिट लागतात, सोलरला त्यात दोन आठवडे जातील. ऑक्टोबरात पाणी आपणहून सव्वीसच्या आसपास असतं. दिवाळीआधीच रात्रीचं कव्हर सुरू करा आणि आहे ती ऊब उतरू देऊ नका. तापमानही भानावर राहून ठरवा. स्पर्धेच्या सरावाला 25 ते 28 अंश पुरतात. लहान मुलांना एकोणतीस-तीस हवेत, तर त्यांच्या वेगळ्या छोट्या तलावालाच ते द्या. वीसला तोल साधणाऱ्या तलावात सव्वीसवरून प्रत्येक अंश वर चढणं म्हणजे खर्चात साधारण एक षष्ठांश भर.

उबदार पाणी क्लोरीन जास्त खातं, तेव्हा पीएच 7.2 ते 7.6 ठेवून चाचणी दिवसातून आणखी एकदा करा. कव्हर काढल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं कोणाला उतरू देऊ नका, खाली साचलेला वास निघून जाऊ द्या.

एप्रिलात सोलरचे वॉल्व्ह बंद करून टाकायची घाई नको. मे महिन्यात पाणी तिशी ओलांडतं तेव्हा हीच काळी पॅनेल उलटी कामाला येतात. रात्री अकरा ते पहाटे पाच पंप चालवा, कव्हर काढून ठेवा. गच्चीवरच्या मोकळ्या आभाळाखाली पाणी फिरून एखाद-दुसरा अंश उतरतं, आणि सकाळच्या बॅचला ते लगेच जाणवतं.